मार्क थ्री ॲम्बेसिडरला १८०० इसुझूचं इंजिन बसवायचं आहे, केलेल्यांनी बोला

बालाघाट_बीड | सोमवार, रात्री ९:१२

रामराम मंडळी. गाडी ॲम्बेसिडर मार्क थ्री, १९७७ ची. आमच्या अण्णांनी कोरी घेतलेली, तेव्हा गेवराईला आमची कापसाची आडत होती. इंजिन मूळचंच आहे, १४८९ सीसी पेट्रोल, हँड गिअर (दांडी स्टेअरिंगखाली), चारी चाकांना ड्रम ब्रेक. पासिंग आणि विमा दोन्ही चालू.

गाडी शोभेला ठेवलेली नाही. आईचे गुडघे धरलेत, आजकालच्या गाडीत तिला वाकून शिरावं लागतं. ह्या गाडीच्या मागच्या सीटवर ती आधी बसते, मग सावकाश पाय आत घेते. म्हणून तुळजापूर असो, येरमाळा असो की संभाजीनगरला दवाखाना, तिच्यासाठी हीच गाडी निघते.

अडचण अशी, की मांजरसुंब्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि वर पोचेपर्यंत काटा लाल पट्टीत. एप्रिल-मेमध्ये तर वर गेल्यावर बाजूला घेऊन बॉनेट उघडायचं हे ठरलेलंच. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून मागून ट्रक अंगावर येतात आणि साठच्या पुढं माझी गाडी ओढत नाही.

जालन्यात एका भंगारवाल्याकडं १८०० आयएसझेडचं, म्हणजे ॲम्बेसिडरच्याच नंतरच्या मॉडेलचं, इसुझू इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट बघून आलोय. पस्तीस हजार म्हणतो. हातानं फिरतंय, जाम नाही. कंपनीनंच नव्वदच्या दशकात हे इंजिन ह्याच बॉडीत घातलं होतं, मग माझ्या गाडीत काहून बसू नये? कोणी केलंय का? काय काय लागतं, काय तोडावं लागतं, सगळं सांगा.

गोदाकाठ_नांदेड | सोमवार, रात्री १०:०५

मी केलंय दादा, आणि गाडी आजही माझ्याकडंच आहे. मार्क फोर होती, २००३ च्या सुमारास काम केलं. अपघातात मागून चेपलेली एक १८०० मिळाली होती. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, पुढची क्रॉस मेंबर, फाउंडेशनचे रबर, अगदी ॲक्सिलरेटरची केबलसुद्धा उतरवून घेतली. पहिली गोष्ट हीच ध्यानात घ्या, की नुसतं इंजिन घेऊन उपयोग नसतो. पस्तीस हजारात भंगारवाला इंजिन-बॉक्स देईल, पण ते गाडीत बसवणारं सामान त्या पस्तीसमध्ये नसतं आणि तेच सुटं मिळता मिळत नाही.

आता दोन्ही इंजिनांतला फरक. जुन्या १४८९ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (दट्ट्याचा मार) ८८.९. इसुझू १८१७ सीसी, त्याचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. म्हणजे जुनं इंजिन लांब दट्ट्याच्या मारावर चालणारं, खालून ओढतं पण फिरवायला गेलं की धापा टाकतं. इसुझूचा बोअर रुंद, मार आखूड आणि कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, त्यामुळं ते मोकळं फिरतं. जुन्याची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, १८०० ची पंचाहत्तरच्या आसपास. दीडपट म्हणा.

कापाकापी कुठं लागते ते सांगतो. तुमचा हँड गिअर आहे. पाच गिअरचा बॉक्स फ्लोअर गिअरचा, म्हणून मधल्या टनेलला (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्याला) भोक पडणार आणि स्टेअरिंगवरची सगळी दांड्यांची जुळणी निघणार. प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याची, लांबी बदलते. तो कापून नुसता वेल्ड मारून चालत नाही, बॅलन्स करून घ्यावा लागतो. नाही तर सत्तरला अशी गुणगुण सुरू होते की आतल्या माणसाचं डोकं उठतं, आणि गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग लवकर जातं. धुराचा डाऊनपाइप नव्यानं वाकवावा लागतो. स्पीडोमीटरची केबल बदलते, आणि डिफरन्शिअलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरचा) रेशो वेगळा असेल तर काटा खोटं बोलायला लागतो. क्लचची जोडणी नव्यानं. इंजिन खाली टेकवलं की चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि स्टेअरिंग रॅकमध्ये बोट फिरतंय का ते बघायचं. फिरलं नाही तर खड्ड्यात गाडी आपटली की चेंबर रॅकला लागणार.

एवढं सगळं सांगूनही म्हणतो, की करण्यासारखं आहे. नांदेडहून परभणीला जाताना पाचवा टाकला की गाडी शांत होते. पूर्वी बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं.

लेथ_वाळूज | सोमवार, रात्री ११:३०

बालाघाट दादा, माझं वाळूजला बोअरिंग-होनिंगचं काम आहे. जुन्या गाड्यांची इंजिनं नेहमी येतात. पस्तीस हजार देण्याआधी एक साधा हिशोब बघा.

तुमची गाडी साधारण ११५० किलो, त्यात चार माणसं आणि सामान धरून १५०० किलो. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरा आणि वेग ताशी ४०. नुसतं वजन वर उचलायला तेरा अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण, हवा, गिअर-डिफरन्शिअलमधली गळती धरली तरी आकडा वीसच्या आसपास थांबतो. पन्नासचं इंजिन हा चढ तिसऱ्यावर आरामात काढायला पाहिजे, आणि तापायला तर अजिबात नको. म्हणजे तुमच्या इंजिनाची निम्म्याहून जास्त ताकद कुठं तरी मुरतेय. ती कुठं मुरतेय हे न बघता मोठं इंजिन टाकलं, तर तेच रेडिएटर आणि तेच पाणी त्यालाही तापवणार. मोठं इंजिन जास्त पेट्रोल जाळतं म्हणजे जास्त उष्णता बाहेर टाकतं.

दोन प्रश्न. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का?

आपल्याकडं बोअरवेलचं पाणी किती जड आहे हे घरातल्या गिझरचं कॉइल बघितलं की कळतं. तेच पाणी वर्षानुवर्षं इंजिनात गेलं की जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) क्षाराचा थर बसतो आणि त्यातून उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. काटा जेवढं दाखवतो त्याहून आतली भिंत कितीतरी तापलेली असते. सगळ्यात जास्त गाळ मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो, कारण तिथं पाण्याची चाल मंद असते.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून घ्या. इंजिन गरम करा, चारी प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. चारी आकडे इथं टाका. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मारा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर त्या दोघांमधलं गॅस्केट उडालंय असं नव्वद टक्के समजा.

हँडगिअर_धाराशिव | मंगळवार, सकाळी ७:२०

बालाघाटभाऊ, गाडी १९७७ ची म्हणालात. २०२७ मध्ये तिला पन्नास वर्षं पूर्ण होतात. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असली तर नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. तुम्ही आता इसुझू टाकलं की हे दार बंद झालं. मूळ इंजिन, पहिला मालक, तोच जिल्हा, अशी गाडी मराठवाड्यात शोधून सापडत नाही. टनेलला कटर लावायच्या आधी शंभर वेळा विचार करा, ही हात जोडून विनंती.

गोदाकाठ_नांदेड | मंगळवार, सकाळी ८:४५

हँडगिअर साहेब, नियमाचा दुसरा भागही सांगा की. व्हीए नंबरची गाडी प्रदर्शनाला, विंटेज रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ह्यांच्या आईला तुळजापूरला न्यायचंय. त्या नंबराचा ह्यांना काय उपयोग? गाडी चालती राहिली तरच ती गाडी, असं माझं मत आहे.

हँडगिअर_धाराशिव | मंगळवार, सकाळी ९:०२

तो भाग बरोबर आहे, मान्य. पण आज ना उद्या गाडी पुढच्या पिढीकडं जाईल. तेव्हा तिला काय करायचं ते ठरवायची मोकळीक मूळ इंजिनानं राहते.

कलम_बावन्न_लातूर | मंगळवार, दुपारी १:१५

आरटीओच्या कामात वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. १४८९ सीसी जाऊन १८१७ आलं, की इंजिन नंबर, सीसी, सगळंच बदललं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम काटेकोरपणे वाचलं आणि तेव्हापासून कार्यालयांचा हातही आखडला आहे. गोदाकाठ यांना २००३ ला जे जमलं ते आज तसंच जमेल असं धरून चालू नका.

कायद्यात जी मुभा आहे ती इंधन बदलण्यासाठी आहे, म्हणजे मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकून नवा नंबर आरसीवर चढवण्याचा मार्गही चालतो. त्यासाठी आधी अर्ज, इंजिन कुठून आलं त्याची पावती, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवणं. तुमच्या मार्क थ्रीला आयएसझेडचं इंजिन हे 'त्याच प्रकारचं' ठरत नाही, बॉडी दिसायला एक असली तरी.

न सांगता केलं तर काय? २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, मला भीती विम्याची वाटते. अपघात झाला, सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला आणि तो आरसीशी जुळला नाही, की कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. गाडीत आई असते म्हणालात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

मांजराकाठचा_परदेशी | मंगळवार, रात्री ११:५०

मूळ लातूरचा, सध्या मुक्काम इंग्लंडमध्ये. ॲम्बेसिडरची आई मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री इथली, त्यामुळं इथं काय करतात ते लिहावंसं वाटलं.

तुमचं १४८९ चं इंजिन हे बीएमसीच्या बी-सीरीज घराण्यातलं. ह्याच घराण्यात पुढं १६२२ सीसी आणि १७९८ सीसी आली. तिन्हींचा स्ट्रोक तोच, ८८.९. फक्त बोअर वाढत गेला. १७९८ वालं एमजीबी ह्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. इथले ऑक्सफर्डवाले मोठं इंजिन हवं असलं तर परकं आणत नाहीत, ह्याच घराण्यातलं थोरलं भावंड बसवतात. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

कायदाही इथं तसाच विचार करतो. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मोठा फेरफार केला तर ती जाते. त्याच मूळ इंजिनाचं कमी-जास्त सीसीचं रूप, किंवा निर्मात्यानंच त्या गाडीला पर्याय म्हणून दिलेलं इंजिन, हा मोठा फेरफार धरत नाहीत. इंजिन बदललं की नोंदणीच्या कागदावर मात्र कळवावंच लागतं. आपल्याकडं अशी एक ओळ नियमात आली तर बालाघाट दादांचा प्रश्न एका अर्जात सुटेल. हिंदुस्थान मोटर्सनं स्वतःच ज्या बॉडीला १८०० दिलं होतं तिला ते देऊ नये, ह्यात सुरक्षेचं कारण मला तरी दिसत नाही.

कलम_बावन्न_लातूर | बुधवार, सकाळी १०:२०

मांजराकाठ, मागणी रास्त आहे. जुन्या गाड्यांच्या संघटनांनी मंत्रालयाकडं मांडावी अशीच आहे. तोवर मात्र आहे तो कायदा पाळावा लागेल.

नवखा_हिंगोली | बुधवार, दुपारी ४:०५

मी पॉलिटेक्निकला आहे. एखाद्या नव्या पिकअपचं डिझेल इंजिन टाकलं तर ॲव्हरेज पण वाढेल ना? मामाकडं पण एक ॲम्बेसिडर उभी आहे म्हणून विचारलं.

गोदाकाठ_नांदेड | बुधवार, दुपारी ४:४०

नको बाळा. नव्या डिझेलचं वजन पुढच्या टॉर्शन बारवर (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीवर) येतं, गाडी नाकावर बसते. त्याची सगळी अक्कल कॉम्प्युटरमध्ये आणि वायरिंगमध्ये असते, ते अर्धवट आणलं की इंजिन सुरूच होत नाही. आणि कायद्याचं वर वाचलंसच. मामाची गाडी आहे त्या इंजिनावर सुरू कर, शिकायला तेच उत्तम. हात काळे करायला नांदेडला ये, मी दाखवतो.

आणि एक राहिलं, बालाघाट दादांसाठी. इंजिनाचं काहीही ठरवा, ब्रेकचं आधी बघा. वेग साठचा नव्वद झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, दीडपट नाही. जुने ड्रम घाटात उतरताना तापले की पेडल दाबूनही गाडी पुढं जात राहते. मी १८०० टाकलं तेव्हा पुढं डिस्क आणि बूस्टर आधी लावले, इंजिन नंतर.

बालाघाट_बीड | रविवार, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथ दादांनी सांगितलं तसं कॉम्प्रेशन घेतलं. पहिला १३० पौंड, दुसरा १२५, तिसरा ८०, चौथा ७५. ऑइल सोडून परत मारलं, तिसऱ्या-चौथ्याचा काटा जागचा हलला नाही. मग मिस्त्रींनी आजच हेड उतरवलं.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली गॅस्केटची पट्टी जळून गेलेली. दोन सिलिंडर एकमेकांत फुंकत होते. ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (पाण्याच्या पोकळीवरची छोटी झाकणं) काढले तर मागच्या प्लगातून पाणीच आलं नाही. मिस्त्रींनी तार घातली, ती दोन बोटं आत जाऊन थांबली. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तेव्हा आधी तांबूस चिखल आणि मग पांढऱ्या खपल्या निघाल्या, नखानं तुटत नव्हत्या. परातभर माल निघाला. रेडिएटर उलटा करून पाणी सोडलं तर निम्म्या नळ्या बंद. थर्मोस्टॅट कधीकाळी कोणी तरी काढून टाकलेला, जागा रिकामीच होती. पाणी आमच्या शेतातल्या बोअरचंच जायचं.

आता सांगा, पुढं काय करू? मिस्त्री म्हणतात बोअरमध्ये कड पडलीय, बोट अडकतं.

लेथ_वाळूज | रविवार, रात्री ८:१५

ऐकून बरं वाटलं, कारण जे निघालं ते सगळं दुरुस्त होणारं आहे. ब्लॉक माझ्याकडं आणा किंवा बीडमध्ये खात्रीचा लेथवाला असेल तर तिथं द्या, पण हे बघून घ्या.

आधी ब्लॉक आणि हेड केमिकलच्या टाकीत उकळून घ्यायचे. सगळे वेल्च प्लग नवे, शक्यतो पितळी. मग माप घ्यायचं. कड पडलीय म्हणजे बोअर करावाच लागेल. बीस ओव्हरमध्ये (०.०२० इंच मोठा करून) साफ झाला तर तिथंच थांबायचं, चाळीसवर उगाच जायचं नाही, पुढच्या कामाला भिंत शिल्लक राहावी. चाळीस ओव्हर केलं तरी इंजिन १४८९ चं १५३१ सीसी होतं, म्हणजे ताकदीसाठी त्यात काही नाही. क्रँकची मापं घ्या, तिथं कंजुसी नको.

हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीटा कठीण धातूच्या बसवा. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला सांभाळायचं, आणि देशात फेब्रुवारी २००० पासून ते बंद झालंय. नुसत्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सीटा हायवेच्या वेगाला खचत जातात, टॅपेटचं अंतर कमी होत जातं आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. तुमच्या तिसऱ्या-चौथ्याच्या सीटा नक्की बघा.

आता पंपावर सगळीकडं ई२० पेट्रोल आहे, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वायसरं इथेनॉलनं फुगतात किंवा चिरतात. तिन्ही इथेनॉल चालणाऱ्या रबराची टाका. ई२० ला त्याच हवेत आठेक टक्के जास्त पेट्रोल लागतं, त्यामुळं जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर, इंजिन कोरडं चालतं आणि कोरडं चाललं की तापतं. जेट एक पायरी मोठं करून प्लगचा रंग बघत बसा, फिकट बदामी आला की थांबा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, नाही तर हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

रेडिएटरची कोअर नवी, जमल्यास तीन ओळींची. फॅनभोवती काउलिंग (हवेला वाट देणारं कडं) लावा. काउलिंग नसलं की फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत राहतो. थर्मोस्टॅट परत बसवा. काढून टाकला की इंजिन थंड राहतं हा आपल्याकडं पसरलेला गैरसमज आहे. थर्मोस्टॅटनं पाणी इंजिनात योग्य तापमानाला राहतं, हिवाळ्यात इंजिन लवकर गरम होतं आणि झीज कमी होते. प्रेशर कॅप चांगली असेल तर सात पौंडाला पाणी शंभरऐवजी एकशे दहाच्या आसपास उकळतं, घाटात हाच दहा अंशांचा फरक कामाला येतो. आणि आत फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी ह्यापुढं गाडीच्या काचेलाच.

गोदाकाठ_नांदेड | रविवार, रात्री ९:३०

लेथ भाऊंचं काम बिनचूक आहे. तरी माझं म्हणणं मागं घेत नाही. सगळं केल्यावर दादांकडं एक निरोगी पन्नास अश्वशक्तीची गाडी असेल. घाट तिसऱ्यावर चढेल, तापणार नाही. पण चौपदरीवर तासन् तास ऐंशी धरायची तर इंजिन किती फिरतंय ते बघा. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, दोन्ही एकदम एक फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेऱ्या मारतो ते खडूची खूण करून मोजा. तो तुमचा डिफरन्शिअलचा रेशो. समजा साडेचार आला, तर ५.९०-१५ च्या टायरवर ऐंशीला इंजिन २९०० च्या आसपास फिरतं. पाच गिअरच्या बॉक्समध्ये तेच अडीच हजारांच्या खाली येतं. ही शांतता जुन्या गाडीला बोअर करून येत नाही. कायदा आड येतोय हे दुःख आहे, इंजिन वाईट आहे म्हणून कोणी सोडू नये.

हँडगिअर_धाराशिव | रविवार, रात्री ९:५५

सत्तरवर चालवा, डावीकडून चालवा. मागची सीट आईला तेवढीच सुखाची.

पूर्णाकाठ_परभणी | सोमवार, सकाळी १०:१०

धागा पहिल्यापासून वाचतेय, आज लिहिते. माझ्याकडं १९९६ ची १८०० आयएसझेड आहे, सासऱ्यांची. मी स्वतः चालवते, परभणी-जिंतूर ही माझी नेहमीची ये-जा होती. मागच्या उन्हाळ्यात कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर आला. ब्लॉकला मूठ जाईल एवढं भोक आहे. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन शोधून थकले, मिळतं ते कॉन्टेसा ह्या दुसऱ्या गाडीचं किंवा बिनपावतीचं.

बालाघाट दादा, तुम्ही ते जालन्याचं इंजिन घेणार नसाल तर मला त्याचा पत्ता द्याल का? कलम बावन्न सर, माझ्या गाडीला ते चालेल ना?

कलम_बावन्न_लातूर | सोमवार, सकाळी ११:००

ताई, तुमची गाडी मुळात १८०० आयएसझेड, इंजिन आयएसझेडचं, म्हणजे मेकही तोच, प्रकारही तोच. हे कलम ५२ मध्ये बसतं. पण क्रम चुकवू नका. आधी परभणीच्या आरटीओत अर्ज, त्यासोबत तुटलेल्या ब्लॉकचे फोटो आणि मिस्त्रीचा लेखी शेरा. परवानगी हातात आली की इंजिन बसवा, बसवल्यावर १४ दिवसांत आरसी घेऊन जा, गाडी दाखवा, नवा नंबर चढवून घ्या. मग विमा कंपनीलाही लेखी कळवा.

इंजिन घेताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते ज्या गाडीतून निघालं तिचा इतिहास. ती गाडी भंगारात गेली असेल तर कलम ५५ खाली तिची नोंदणी रद्द झालेली असायला हवी. त्याचा कागद भंगारवाल्याकडं असेल तर त्याची प्रत मागा. जीएसटी बिलावर इंजिन नंबर लिहिलेलाच पाहिजे. ह्यातलं काहीच नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, हात लावू नका.

लेथ_वाळूज | सोमवार, सकाळी ११:४०

आणि ताई, पैसे देण्याआधी चेंबर उघडून बघा. हातानं फिरतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दोन-तीन बेअरिंग कॅप सोडून आतले शेल (बेअरिंगच्या वाट्या) बघा, तांबं दिसायला लागलं असेल तर क्रँकचा खर्च धरून भाव करा. नंबर ठोकलेली जागा घासलेली किंवा परत ठोकलेली नाही ना, हे उजेडात नीट बघा.

बालाघाट_बीड | सोमवार, रात्री ८:५०

पूर्णाकाठ ताई, इंजिन तुमचंच. मी दुपारी भंगारवाल्याशी बोललो. गाडी एका सहकारी संस्थेची होती, नोंदणी रद्द केल्याचा कागद त्याच्याकडं आहे, बिल द्यायला तयार आहे. पस्तीसचे बत्तीस म्हणाला, क्रँक बघून अजून सुटेल. इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर आणि फॅनची काउलिंग त्याच गाडीची आतल्या शेडमध्ये पडलेली मी पाहिली होती. तेही ह्यातच मागून घेऊ, तुम्हाला लागेल.

माझ्या गाडीचा ब्लॉक परवा वाळूजला लेथ दादांकडं येतोय. ब्लॉक देताना हेडही सोबत आणतो, सीटांचं तिथंच होऊन जाईल. पुढच्या डिस्कसाठी गोदाकाठ दादा, तुम्ही लावलेल्या सामानाची यादी आणि स्टबची (पुढच्या चाकाच्या आसाची) मापं टाकाल का? परत येताना जालन्यावरून येईन म्हणतो. ताई, तुम्ही त्या दिवशी परभणीहून तुमच्या मिस्त्रींना घेऊन येऊ शकलात तर चेंबर तिथंच उघडून बघू. नाही जमलं तर मी फोटो काढून पाठवतो, नंबराचा जवळून.

गोदाकाठ_नांदेड | सोमवार, रात्री ९:२०

यादी उद्या टाकतो, मापं कॅलिपरनं घेऊन. आणि ताईंना सांगा, जालन्याला मीपण येतोय. पाच गिअरचा बॉक्स मी उघडून बघतो, तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पाडणारी कडी) गेलेला असतो ह्यांचा, दात बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.